जानरावची थाळी

तेल्हारा. रविवार, ८ फेब्रुवारी १९५९

आजही थाळी वाजली. मी प्रार्थनेला डोळे मिटले आणि भिंतीपलीकडे जानरावने काशाची थाळी बडवायला सुरुवात केली. ‘आमेन’ म्हणताच थांबला. गीतं गाताना वाजवत नाही, उपदेशाच्या वेळीही नाही. नेमकी प्रार्थनेच्या वेळी. म्हणजे हा माणूस कान लावून बसतो आणि आम्ही देवाशी बोलायला लागलो की त्याच्या अंगात येतं.

उपासनेला सातजण होते, त्यात मी आणि मनकर्णा. नागपूरच्या दीक्षेनंतर इथली आमची निम्मी घरं बौद्ध झाली. ती माणसं रस्त्यात भेटली की प्रेमाने बोलतात, पण बाकं रिकामी ती रिकामीच. मला इथे पाळक म्हणून येऊन अडीच महिने झाले. आधीच्या पाळकांची बदली का झाली ते कोणी नीट सांगत नाही.

प्रार्थनाघराकडे यायची वाट जानरावच्या घराला लागून आहे. तिच्यावर त्याने बाभळीचे काटे टाकलेत. म्हातारी माणसं नाल्याकडून वळसा घालून येतात. आमच्या मंडळीतले वडीलधारे उत्तमराव म्हणाले, “त्याची बायको वारली दोन वर्साखाली, तवापासून असा फिरला थो.” असेल. दुःख कोणाला नसतं? म्हणून कोणी दुसऱ्याच्या देवावर थाळी बडवत नाही.

मी मुळातच भित्रा. अमरावतीला राजापेठेत आमच्या गल्लीतलं पिसाळलेलं कुत्रं मेलं तेव्हा सगळ्यांत सुखाची झोप मला लागली होती. इथे ते कुत्रं भिंतीपलीकडेच राहायला आलं आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

अमरावतीहून खुशालराव पाळक आले. मला सेवेत आणलं ते त्यांनीच. मंडळीसमोर आत्मिक युद्धावर दोन तास बोलले. थाळी वाजली तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत, आवाज चढवून प्रार्थना पुरी केली. माझे तळहात मात्र ओले झाले होते.

जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “शमुवेल, हा सैतानाचा हल्ला आहे. मोघम मागू नकोस. नाव घेऊन माग, आणि उपासासह माग.” शास्त्रातली शापाची स्तोत्रं त्यांनी काढून दाखवली. खरा वैरी माणूस नसतो, माणसाच्या पाठीशी उभा असलेला असतो, असंही ते बरंच काही बोलले. पण बस सुटायची वेळ झाली आणि ते बोलणं अर्धंच राहिलं.

आजपासून चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला, हे बरंच झालं. पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत सकाळचं जेवण बंद. त्या वेळी मागच्या खोलीत दार लावून गुडघ्यांवर बसायचं.

मनकर्णाला सांगितलं तर ती म्हणाली, “करा उपास. पन भाकर मी रोजच्यासारखीच टाकीन.”

“खाणार कोण?”

“आमचे बाबा उपास करत तं त्यायच्या वाटची भाकर घराबाहेर जाये. घरात ठेवली तं उपास कायचा, थे तं बचत झाली.”

तिचे वडील धारणीकडे सुवार्तिक होते, जंगलात पायी हिंडून प्रभूचं वचन सांगायचे. त्यांच्या गोष्टी तिच्याकडे पोत्याने आहेत. मी हो म्हणून टाकलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

भूक फार लागते. अकराच्या सुमारास तर डोळ्यांसमोर पिठलंच येतं. प्रार्थनेत अडथळा.

रविवार, २२ फेब्रुवारी

टिनावर दगड पडला. मधल्या प्रार्थनेत. लहान होता, पण छपरावरून गडगडत गेला तेव्हा मी अर्धं वाक्य गिळलं आणि पुढचं विसरलो. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तमराव दगड हातात घेऊन म्हणाले, “हा पायचान तं नायी देत कोनाची, पन आपल्याले समजते.”

पाळकाने भ्यायचं नसतं. मी भ्यालो ते सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याबद्दल मला जानरावचा जेवढा राग आला तेवढा दगडाबद्दल आला नाही.

संध्याकाळी मागच्या खोलीत बसलो. इथे खरं लिहायला हरकत नाही. आजवर मी ‘त्याला सुबुद्धी दे’ असं मागत होतो. आज मागितलं, ‘जानरावला उचल.’ तोंडातून गेलं आणि अंगावर काटा आला. मग पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी तेवढं जड गेलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

घरात काहीतरी चालू आहे. ज्वारीचं पीठ महिनाअखेर पुरायचं ते आजच संपलं, आणि मी तर एक वेळ जेवतो. पितळेची बरणीही सापडत नाही. लग्नात तिच्या आईने दिलेली, कडीची. मनकर्णाला विचारलं तर म्हणाली, “हाये कुठंतरी. येईन.” चुलीपुढून मान वर केली नाही तिने.

जानरावच्या घरी सकाळी धूर दिसत नाही, हेही मी चार-पाच दिवस पाहतो आहे. तिथे राहतात दोघंच, तो आणि त्याची आंधळी आई पार्बताबाई. चूल का पेटत नाही? माझ्यासारखाच तोही आमच्याविरुद्ध उपास धरून बसला आहे की काय? हा विचार आल्यापासून मागच्या खोलीत बसलं की भिंतीपलीकडे कोणीतरी तसंच गुडघ्यांवर बसलंय असं वाटतं.

बुधवार, ४ मार्च

थाळी वाजली नाही! रविवारी वाजली नाही तेव्हा मी जीभ चावून गप्प बसलो होतो, आज संध्याकाळच्या प्रार्थनेलाही नाही. मी मुद्दाम लांबवली. उत्तमरावांनी बातमी आणली: जानराव आठवड्यापासून तापाने पडला आहे. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर येऊन गेला, मुदतीचा ताप म्हणाला.

देव आहे. मी मागच्या खोलीत जाऊन आभार मानले आणि अगदी मोठ्याने मानले. मला आनंद झाला. तो लपवून ठेवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

मनकर्णाला सांगितलं. ती म्हणाली, “माहीत हाये मले,” आणि तांदळाच्या कण्या शिजवायला बसली. पोट बिघडलंय का विचारलं तर नाही म्हणाली.

रविवार, ८ मार्च

उपासनेनंतर उत्तमराव माझा हात धरून बाजूला घेऊन गेले. डोळे चमकत होते. “पाडला तुमी त्याले, सायेब! खुशालरावसायेब सांगून गेले आन् तुमी करून दाखवलं.”

मी म्हटलं, “मी कुठे, देवाने.”

“हो जी, थेच. पन नाव तं तुमीच घेतलं ना?”

त्या वेळी बरं वाटलं. जेवताना मात्र खटकलं. मी मंडळीत कुठलं नाव उच्चारलं नव्हतं. मागच्या खोलीतलं यांच्या कानावर कसं गेलं? की गेलंच नाही, आणि सगळ्यांना आपोआपच कळलं?

गुरुवार, १२ मार्च

बाजारात वाण्याने मिठाची पुडी माझ्या हातात दिली नाही, फळीवर ठेवली आणि मागे सरकला. न्हाव्याने ‘आज वस्तरा नायी’ म्हणून सांगितलं. वस्तरा त्याच्या हातात होता. मागे दोन बायका कुजबुजल्या, “हाच थो. यानंच मूठ मारली जानरावले.”

मूठ! मी तिथून जवळजवळ पळतच घरी आलो. मंत्रातंत्राने माणसं मारतात, हे थोतांड आहे म्हणून मी गावोगाव बोंबलत हिंडलो. करणी, मूठ, उतारा, सगळ्यावर माझी प्रवचनं आहेत. आणि आता विचार करतो, मी वेगळं काय केलं? दार लावलं, उपास धरला, नाव घेतलं, मरण मागितलं. फक्त लिंबू नव्हतं.

आज ठरवलं की ही प्रार्थना बंद करायची. गुडघ्यांवर बसलो, दुसऱ्याच कोणासाठी मागायला लागलो, तरी ते नाव आपोआप तोंडात आलं. इतक्या दिवसांची जिभेला सवय. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. प्रभू, मला फार भीती वाटते आहे. तो मेला तर?

मंगळवार, १७ मार्च

आमची बरणी जानरावच्या ओट्यावर दिसली. पितळेची, कडीची, आमचीच. आमच्या घरातलं भांडं चोरून नेऊन त्याच्यावर उलटं काही करत असतील, अशी भांडी वापरतात हे मी ऐकलेलं आहे.

घरी येऊन मनकर्णाला ओरडूनच सांगितलं. तिने परात पुढे ओढली.

“दिसली का? असू द्या तिथंच.”

“अगं, ते आपल्यावर करणी—”

“तुमी पाळक हाये ना? मंग करणीले काहून भेता?”

ती पाठ फिरवून भाकरी थापायला लागली. माझ्याच घरात हल्ली मला परक्यासारखं वाटतं.

मंगळवार, २४ मार्च. होळी

दिवसभर पोरं लाकडं गोळा करत होती. प्रार्थनाघराच्या फाटकाची एक फळी गेली. गेली तर गेली, पण जाताना एकजण मुद्दाम माझ्याकडे पाहून म्हणाला, “जानराव गेला तं होळी इथंच पेटन, पादरीबुवा.” हसत होता, तरी मस्करी वाटली नाही. जानरावने दोन दिवसांपासून डोळे उघडलेले नाहीत, असं म्हणतात.

दुपारी चारच्या सुमारास दारावर हात फिरल्याचा आवाज आला. उघडलं तर पार्बताबाई. भिंतीला चाचपत एकटीच आलेली. रस्त्यावर लांब आठ-दहा माणसं उभी होती, जवळ कोणी येत नव्हतं.

“पादरीबाप्पा,” ती म्हणाली, “तुमीच बांधलं, तुमीच सोडा. ज्यानं मारली त्यानं आपल्या हातानं पानी पाजलं तं उतरते. एक घोट. मंग काय म्हनाल थे देतो. घर घ्या.”

मी म्हणालो, “आजी, मी काही केलेलं नाही.”

ती दाराशीच बसली. रडली नाही. “नायी केलं तं पानी पाजाले काय हरकत हाये?”

काय हरकत आहे! गेलो आणि पाणी पाजलं की सगळ्या तेल्हाऱ्यासमोर कबूल केल्यासारखं होतं की पाळक मूठ मारतो. मग प्रवचन कोणत्या तोंडाने करू? खुशालरावांना काय सांगू? आणि न गेलो तर हा माणूस मरेल, माझ्या मागण्याने मरेल, आणि वर हे लोक प्रार्थनाघर जाळतील. मी तिला ‘उद्या बघू’ म्हणालो. उद्या बघू! मनकर्णा तिचा हात धरून घरापर्यंत सोडून आली. म्हातारी तिला ‘बाई’ नाही, ‘मनी’ म्हणत होती. ही ओळख केव्हाची?

परत आल्यावर मनकर्णाने विचारलं, “खरं सांगा. तुमी त्याचं मरन मागितलं का?”

मी मान हलवली. तोंडाने हो म्हणवलं नाही.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “मंग जा. लोकायसाठी नका जाऊ.”

बुधवार, २५ मार्च

गेलो. गल्लीत रंग चालू होता. मला पाहून पिचकाऱ्या थांबल्या. कोणी रंग टाकला नाही. टाकला असता तर बरं झालं असतं, माणसांत धरलं असं वाटलं असतं. काटे वाटेवरच होते, धोतर फाटलं.

आत अंधार, बाजेवर जानराव. हा तो माणूस! चार महिने ज्याने माझी झोप उडवली तो एवढासा होता, गालाची हाडं वर आलेली. डोळे मात्र उघडे होते. सकाळी ताप थोडा उतरलाय, म्हातारी म्हणाली. मला पाहताच तो भिंतीकडे सरकायला लागला. तो मला भीत होता.

“नका,” तो म्हणाला. “परार्थना नका करू. पाया पडतो.”

“नाही करत.”

“तुमची परार्थना घरात आली का मानूस नेते. माह्या बायकोच्या वक्ती आधीचे पादरी रोज येऊन बसत. डोक्यावर हात ठेवून म्हनत, बरी होते. दवाखान्यात नेऊ नका, म्हनत. मी आयकलं त्यायचं. गेली थे.” त्याला धाप लागली. “म्हनून मी थाळी बडवो. आत येऊ नये म्हनून.”

मला वाटत होतं तो देवावर थाळी बडवतो. तो बिचारा आपलं दार राखत होता. आणि मी त्याच भिंतीला तोंड करून रोज काय करत होतो?

मी बाजेशेजारी जमिनीवर बसलो. म्हणालो, “जानराव, मी तुमचं मरण मागितलं. नाव घेऊन. रोज. मूठबीठ मला येत नाही, पण मनात तेच होतं. मला माफ करा.” हे शब्द जसेच्या तसे लिहितो आहे. पुढे कधी मला वाटेल की मी काही चांगलं बोललो असेन, तर तसं नाही. आवाज कापत होता आणि दारात चारजण ऐकत उभे होते.

जानरावने डोळे मिटले. मला वाटलं आता शिवी देईल. म्हातारीने माझ्या हातात गडू दिला. मी त्याचं डोकं उचलून धरलं आणि घोटभर पाणी पाजलं. अर्धं गळ्यावर सांडलं.

मग तो म्हणाला, “पान्याचं काय एवढं? तुमच्या घरचं तं महिनाभर पोटात जाऊन राहिलं.”

मला कळेना. म्हातारी हसली, दात नसलेलं हसू. “मनी आनते ना सकायी. याच्यासाठी कण्या, माह्यासाठी भाकर. मले चुलीपाशी दिसत नायी, मागं हात पोयला तवापासून चूल बंदच होती. मी म्हनलं, बाई, तुह्यावालं काहून खाऊ आमी? तं म्हने, हे पाळकायच्या वाटचं हाये. थे सध्या जेवत नायी, तवर तुमी जेवा.”

कोपऱ्यात बरणी होती, घासून उपडी घातलेली.

शुक्रवार, २७ मार्च. उत्तम शुक्रवार

मनकर्णावर रागावून पाहिलं, जमलं नाही. “मला सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “सांगतलं होतं पयल्याच दिवशी, भाकर बाहेर जाईन म्हनून. तुमी पुसलं नायी कोनाकडे.” थोड्या वेळाने म्हणाली, “मले बी भेव होतंच. तुमी दार लावून मागत तं त्याचं नाव तेवढं भिंतीपलीकडे आयकू जाये. म्हातारी मले पुसे, आज काय म्हनले? मी म्हनो, आज बरं म्हनले.”

आज वधस्तंभावरचं बोलताना, मारणाऱ्यांसाठी प्रभूने क्षमा मागितली त्या वाक्याशी मी अडखळलो. किती वर्षं घोकून बोलत होतो. आज सगळं म्हणता आलं नाही, खाली बसलो. लोकांना वाटलं उपासाने चक्कर आली.

जानरावचा ताप पुरता उतरला. कंपाउंडर म्हणतो, मुदत संपली म्हणून. गाव म्हणतं, पादरीने सोडला म्हणून.

रविवार, २९ मार्च. पुनरुत्थानाचा सण

प्रार्थनाघर भरलं! बाकं पुरली नाहीत. जे कधी आले नव्हते ते आले, न्हावी आला, वाणी दारात उभा राहिला. मी आनंदाने वेडा व्हायचा, पण त्यांच्या नजरा पाहिल्या. माझ्या हातांकडे पाहत होते. प्रभूसाठी नाही, या हातांसाठी आले होते, ज्यांनी बांधलं आणि सोडलं.

मी प्रार्थनेला डोळे मिटले आणि पलीकडे थाळी वाजली. हळू, म्हातारीच्या हाताची. आमचं अन्न त्यांना चालतं, प्रार्थना अजून चालत नाही. मी प्रार्थना चार वाक्यांत आटोपली. थाळीही थांबली.

सगळे गेल्यावर उत्तमराव मागे राहिले. माझ्या कानाशी आले.

“सायेब, एक नाव हाये.”

“कसलं नाव?”

“श्रावण. माहा भाऊ. वावराच्या बांधावरून दहा वर्सं झाली, जीव नकोसा केला त्यानं. तुमी घ्या त्याचं नाव.”

आमच्या मंडळीतले वडीलधारे! माझे तळहात पुन्हा ओले झाले. हे मीच शिकवलं त्यांना, मागच्या खोलीतून. ‘नाही’ म्हणालो असतो तर ते कुठल्या मांत्रिकाकडे गेले असते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणालो, “मी नाव घेत नाही आता. तुम्हालाच करावं लागेल. सकाळचं जेवण सोडा. आणि तुमच्या वाटची भाकर रोज श्रावणच्या घरी पोचवा. खाडा करायचा नाही.”

ते विचारात पडले. “त्यानं मरते का थो?”

“मला ठाऊक नाही. मी ज्याचं केलं तो उठून बसला.”

“मंग काम कोनाचं झालं?”

“माझं झालं,” मी म्हणालो. त्यांना पटलं नाही. पण कडक व्रत आहे, एवढं त्यांना आवडलेलं दिसलं. किती दिवस, भाकरीबरोबर कोरड्यास काय द्यायचं, झाकून न्यायचं की उघडं, सगळं विचारून गेले.

संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला बसलो. कितीतरी दिवसांनी मी दोन वेळा जेवत होतो. मी मनकर्णाला सगळं सांगितलं. म्हणालो, “त्यांच्या मनात विष आहे गं. ते भाकर देतील ती भाऊ मरावा म्हणूनच देतील.”

तिने माझ्या ताटात अर्धी भाकर टाकली.

“देऊ द्या,” ती म्हणाली. “श्रावणच्या घरी लेकरं हायेत.”